घे, घे, महत्त्वाचं असेल

मामा सांगत होते आणि मी ऐकत होते. संध्याकाळ उतरत आली होती, दिवा अजून लावला नव्हता, आणि खिडकीतून येणारा उजेड इतकाच उरला होता की मामांचा चेहरा दिसत होता पण डोळे दिसत नव्हते. आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. मामा एरवी मोजकं बोलणारे. पण दिवेलागणीच्या आधीची ती पंधरा-वीस मिनिटं असतात ना, तेव्हा कधीकधी ते आपणहून बोलायला लागतात, समोरच्याकडे न बघता, स्वतःशीच काहीतरी जुळवत असल्यासारखे. "तुझी आई तेव्हा सात-आठ वर्षांची असेल," ते म्हणाले. "एकदा रात्री मला जाग आली, तर ही शेजारी नाही. घरात सगळे गाढ झोपलेले. मी उठून बघतो, तर दाराशी—"

आणि आमच्या मधल्या टेबलावर माझा फोन उजळला. आवाज नाही, थरथर नाही, नुसता उजेड. पण त्या अर्धवट अंधारात तेवढा उजेड पुरेसा होता. मामांच्या हनुवटीवर निळसर चौकोन पडला आणि माझी नजर खाली गेली. किती वेळ? एक सेकंद. कदाचित त्याहूनही कमी. वर बघितलं तर मामा थांबले होते. "घे, घे," ते म्हणाले, "महत्त्वाचं असेल." मी म्हटलं, "नाही हो मामा, काही नाही, तुम्ही बोला ना." "नाही, नाही, बघ आधी," ते म्हणाले, आणि तेही अगदी मनापासून, कुठेही खोच न ठेवता. म्हणून मी बघितलं. एका ग्रुपवर कुणीतरी ग्रुपचा फोटो बदलला होता. मी फोन पालथा ठेवला, म्हटलं, "हं मामा, दाराशी काय?" तोवर मामा उठून दिव्याच्या बटणापर्यंत पोचले होते. खोलीभर पांढरा उजेड झाला. "जाऊ दे गं," ते म्हणाले, "जुन्या गोष्टी."

दाराशी काय, ते राहिलंच.

पुढचे कितीतरी दिवस ते वाक्य मी एकटीनंच पुरं करत राहिले. दाराशी आई उभी असेल, कडी काढायचा प्रयत्न करत. किंवा दार उघडं टाकून उंबऱ्यावर बसलेली, गुडघ्यांना मिठी मारून. झोपेत चालायची का ती? आम्हाला कधी बोलली नाही. की कुणाची वाट बघत होती? सात वर्षांची मुलगी रात्री कुणाची वाट बघेल? भांडी घासताना, रांगेत उभी असताना, झोप लागता लागता मी त्या दाराशी जायची आणि दर वेळी तिथे आई वेगळं काहीतरी करत असायची. मामांना विचारता आलं असतं, नाही असं नाही. पण काही गोष्टी माणूस सांगतो तेव्हाच सांगतो. मुद्दाम विचारायला गेलं की ती आठवण राहत नाही, जबानी होते. शिवाय मला लाज वाटत होती. ऐंशीला आलेला माणूस आपल्या गेलेल्या बहिणीबद्दल बोलत असताना मी ग्रुपचा फोटो बघितला होता.

आणि मला वाटत होतं, आपण फोनच्या बाबतीत सभ्य माणसांत मोडतो! नाटकाला गेले की फोन बंद. चारचौघांत स्पीकरवर बोलत नाही. प्रवासात व्हिडिओ लावून शेजाऱ्याला ऐकवत नाही. बोलताना फोन आला तर "एक मिनिट हं" म्हणून उठून बाहेर जाते. त्या संध्याकाळीही फोन सायलेंटवरच होता. जपानमध्ये या सोयीला 'मॅनर मोड' म्हणतात, म्हणजे बटणाचं नावच सभ्यता. मी ते बटण दाबलेलं होतं. सगळे नियम पाळून मी त्या वाक्याचा गळा दाबला होता.

त्यातही मला सगळ्यात जास्त बोचलं ते मामांचं 'महत्त्वाचं असेल'. त्या दोन शब्दांत त्यांनी बसल्या बसल्या वर्गवारी करून टाकली. माझ्या फोनमध्ये जे काही आहे ते महत्त्वाचं, आणि ते स्वतः सांगत होते ते मागे ठेवता येण्यासारखं. नोकरीतून निवृत्त होऊन वीस वर्षं झालेला माणूस हे असं गृहीत धरायला कुठे शिकतो? आमच्यापाशीच शिकतो. आम्ही सगळ्यांनी मिळून, एकेका सेकंदाच्या नजरेनं, त्यांना ते शिकवलंय. रागावले असते तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाची माफी मागता येते. ज्यानं आधीच परवानगी दिलीय त्याच्यापुढे कसली माफी मागणार?

पूर्वी फोनला घरात एक जागा असायची. कोपऱ्यातलं स्टूल, त्यावर विणलेलं कापड, शेजारी नंबरांची वही. तो वाजला की घरातला एकजण उठायचा, बाकीच्यांच्या गप्पा चालू राहायच्या. उठलेला माणूस वायरीचे वेटोळे बोटाला गुंडाळत बोलायचा आणि परत येऊन बसायचा. फोन कर्कश होता, आगाऊ होता, पण दोन माणसांच्या मध्ये येऊन बसत नव्हता. आणि 'हॅलो'! टेलिफोन नवा असताना ग्रॅहॅम बेलला वाटत होतं की लोकांनी एकमेकांना 'अहॉय' अशी खलाशांसारखी हाक मारावी. एडिसननं १८७७ मध्ये एका पत्रात 'हॅलो' सुचवलं, आणि त्याचं कारण मला फार आवडतं. तो म्हणतो, वेगळी घंटा लागेल असं वाटत नाही, 'हॅलो' दहा-वीस फुटांवरूनही ऐकू येतं. म्हणजे घंटी नसलेल्या फोनची कल्पना एडिसननं करून ठेवली होती. हाक मारायची, कुणी जवळपास असेल तर ओ देईल, नसेल तर नाही. पुढे घंटा आलीच. हाकेला ओ द्यायची की नाही हे निदान आपल्या हातात असतं.

मोबाइल आला आणि हॅलोच्या पाठोपाठ येणारा प्रश्न बदलला. पूर्वी विचारायचे, "कोण बोलतंय?" आता विचारतात, "कुठे आहेस?" जुन्या फोनवर हा प्रश्न कुणाला सुचलाच नसता, कारण फोन जिथे असायचा तिथेच माणूस असायचा. या प्रश्नात खरं तर एक छान सभ्यता दडलेली आहे. कुठे आहेस, म्हणजे बोलू शकतेस का, तुझ्याभोवती कोण आहे, मी मध्येच तर नाही ना आले? पण विचारणारे उत्तराची वाट बघत नाहीत. "कुठे आहेस? बरं ऐक ना—" करून सुरू होतात. मीही होते.

मोबाइलवरचा पहिला कॉल तरी कुठे फार सभ्य होता म्हणा. मोटोरोलाच्या मार्टिन कूपरनं ३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर, पत्रकारांच्या देखत, किलोभराहून जड असा तो ठोकळा कानाला लावला आणि फोन कुणाला केला, तर बेल लॅब्जमधल्या आपल्या प्रतिस्पर्ध्याला, जोएल एंगलला. कशासाठी? मी खऱ्याखुऱ्या, हातात धरायच्या मोबाइलवरून बोलतोय, हे ऐकवायला. भर रस्त्यात उभं राहून, चारचौघांना ऐकू जाईल असं, समोरच्याला खिजवण्यासाठी केलेला कॉल. पुढचं सगळं त्या एका कॉलमध्ये आलंच होतं की.

मोठ्यानं बोलणाऱ्यांचा मला फार राग यायचा. 'यायचा' असं म्हणतेय, कारण मध्यंतरी एक गोष्ट घडली. एका दवाखान्याबाहेरच्या बाकावर आम्ही सात-आठजण बसलो होतो. सगळ्यांच्या मांडीवर फायली, सगळ्यांचे चेहरे दाराकडे. एका गृहस्थांना फोन आला आणि ते जे सुरू झाले! "हो. हो. नाही, काही नाही निघालं. अगं, काही नाही निघालं म्हणतोय. नाही. साधं आहे. साधं!" पुन्हा पहिल्यापासून. "निघालं नाही! नाही निघालं!" भिंतीवर तोंडावर बोट ठेवलेल्या बाईचं चित्र होतं, त्याच्या बरोबर खाली बसून. मला वाचत होते त्या मासिकातली एक ओळ पुढे नेता येईना. मनातल्या मनात मी त्या अदृश्य बाईला शोधत होते. बायको असेल? मुलगी? हिला एकदा सांगून कळत का नाही? शेजारची मुलगी नाकातून श्वास सोडत होती, समोरच्या आजोबांनी मान वळवून रोखून बघितलं. आणि मग ते गृहस्थ शेवटचं ओरडले, "आई, आधी ते मशीन कानात घाल!" क्षणभर शांतता. पलीकडे बहुधा मशीन कानात गेलं, कारण पुढचं वाक्य ते इतक्या हळू बोलले की आम्हाला ऐकूच आलं नाही. रोखून बघणारे आजोबा आपल्याच कानामागे हात नेऊन हसले. तिथेही एक मशीन होतं.

नंतर माझ्या लक्षात आलं की बाकावरचा राग त्या एका वाक्यासरशी विरघळून गेला होता. आवाज तर तेव्हा सगळ्यात मोठा होता. मग गेला कशानं? कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० साली नेमक्या याच त्रासावर प्रयोग केले होते. दोन माणसांचं पूर्ण संभाषण कानावर पडलं तर लक्ष जितकं उडतं, त्याहून एकाच बाजूचं ऐकू आलं तर जास्त उडतं, असं त्यांना दिसलं. पुढे काय येणार हे ठरवता येत नाही, म्हणून मेंदू रिकाम्या जागा भरायला बघतो, आपली इच्छा असो वा नसो. आम्ही सात-आठजण त्या बाकावर बसून एका आईच्या रिकाम्या जागा भरत होतो. ती आई आहे आणि तिला ऐकू येत नाही, हे कळल्यावर जागा भरली. मग कसला राग? आता हे असं दर वेळी घडत नाही, मान्य. घराचे व्यवहार, भावाभावांची भांडणं, कुणाच्या तरी सुनेचा स्वभाव हे सगळं मला भरल्या डब्यात ऐकायचं नसतं. पण माणसं मुद्दाम ओरडत नसतात, एवढं मी आता मानते. भोवती गोंगाट असला की आपला आवाज आपोआप चढतो. एत्येन लोंबार नावाच्या फ्रेंच कानतज्ज्ञानं हे १९११ साली दाखवून दिलंय आणि त्या परिणामाला आजही त्याचंच नाव आहे. त्यात जुन्या फोनच्या रिसीव्हरमधून आपला आवाज थोडासा आपल्याच कानात परत यायचा. मोबाइलमध्ये तो बरेचदा अगदी पुसट असतो. आपण किती मोठ्यानं बोलतोय हे सांगणारं कानाशी कुणी उरत नाही. मग समोरच्या आजोबांनी मान वळवून सांगायचं.

आणि कधीकधी तर चूक नुसतीच यंत्राची असते. न्यूयॉर्कमध्ये १० जानेवारी २०१२ रोजी फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा माहलरची सिंफनी वाजवत होता. शेवटचा भाग, जिथे सूर इतके विरत जातात की श्वासाचासुद्धा आवाज नको, आणि पहिल्याच रांगेत आयफोनची 'मरिंबा' नावाची धून सुरू झाली. थांबेचना. संचालक अॅलन गिल्बर्टनं अखेर सगळा वाद्यवृंद थांबवला आणि त्या माणसाकडे बघत राहिला. लोक ओरडले. जगभर बातमी झाली. मग कळलं की त्या गृहस्थांना आदल्याच दिवशी कचेरीतून नवा फोन मिळाला होता. त्यांनी तो आठवणीनं गप्प केला होता, पण वाजला तो गजर होता. गजर सायलेंटला जुमानत नाही हे त्यांना ठाऊकच नव्हतं. फोन दुसऱ्याच कुणाचा तरी वाजतोय असं समजून ते बिचारे बसून होते. पुढे त्यांनी गिल्बर्टची माफी मागितली आणि गिल्बर्टनं ती मनापासून स्वीकारली. ही बातमी मी जितक्या वेळा वाचली तितक्या वेळा माझ्या पोटात गोळा आला, आणि तो वाद्यवृंदासाठी नव्हता. शेकडो लोक आपल्याकडे बघतायत आणि आपल्याला वाटतंय, कोण हा मूर्ख. याउलट स्लोव्हाकियातल्या एका व्हायोलावादकाच्या मैफलीत कुणाच्या तरी फोनवर नोकियाची धून वाजली, तर तो थांबला, किंचित हसला आणि तीच धून त्यानं व्हायोलावर फुलवून वाजवली. गंमत म्हणजे नोकियाची ती धून मुळात एका स्पॅनिश गिटारवादकाच्या १९०२ सालच्या रचनेतली. ती आपल्या घरीच परत आली म्हणायची.

पण ही झाली मोठ्या आवाजांची गोष्ट. मला छळत होता तो एक सेकंद, ज्याला आवाजच नव्हता.

आणखी एक बिनआवाजाची चूक मी केलेली आहे, ती इथे सांगून टाकते. एका मैत्रिणीनं फोटो बघायला म्हणून स्वतःचा फोन माझ्या हातात दिला. बरीच वर्षं जपलेल्या रोपाला पहिलं फूल आलं होतं, त्याचा फोटो. मी बघितला, आणि बोटाला लागलेल्या सवयीनं पुढे सरकवला. पुढचा फोटो एका कागदाचा होता, जरा तिरपा काढलेला. वर तिचं नाव, खाली छापलेले आकडे, आणि एका ओळीखाली पेनानं मारलेली रेघ. मी दोनच शब्द वाचले. पण ते दोन शब्द वाचून न वाचल्यासारखे होण्यातले नव्हते. बोट मागे गेलं, फूल परत आलं, मी म्हटलं, "छान आलंय गं." तिनं हात पुढे केला होता, जरासा घाईनं. तीन आठवड्यांनी तिनं मला समोर बसवून ते सांगितलं आणि मी ते पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं ऐकलं. मला ते नीट जमलं का, कोण जाणे. ती सांगत असताना माझ्याकडे बघत नव्हती. तेव्हापासून कुणी फोन हातात दिला की मी बोटं कडेला धरते, ओल्या रंगाचं चित्र धरावं तशी.

माझी भाची म्हणते, मावशी, तू फार विचार करतेस. तिचे नियम वेगळे आहेत आणि ते तिच्यापुरते अगदी कडक आहेत. मी न विचारता थेट फोन केला की ती घाबरून उचलते, "मावशी, सगळं ठीक आहे ना?" सगळं ठीक आहे, सहज केला, असं म्हटलं की तिला ते जरा आगाऊपणाचं वाटतं. आधी मेसेज करावा, 'बोलू का?' विचारावं, मग फोन. नुसतं 'हाय' लिहून गप्प बसणं हे तिच्या लेखी दार वाजवून पळून जाण्यासारखं. मामांचं याच्या अगदी उलट. त्यांच्या मते मेसेज म्हणजे ज्याच्याशी बोलायची इच्छा नाही त्याच्यासाठी केलेली सोय. "माणूस गेल्याचं हल्ली टाइप करून कळवतात," ते एकदा म्हणाले होते, आणि माझी मान खाली गेली होती, कारण आई गेल्याचं मी वीसजणांना एकच मजकूर पाठवून कळवलं होतं. मामांना फोन केला होता. बाकीच्यांना फोन करायला आवाज नव्हता. भाची आणि मामा दोघंही आपापल्या परीनं दुसऱ्याचा वेळ जपतायत, आणि दोघांनाही दुसरा उद्धट वाटतो. मी मधल्या वयाची, दोघांकडून बोलणी खाणारी.

निळ्या टिकांचंही तसंच. व्हॉट्सअॅपनं २०१४ च्या नोव्हेंबरात त्या आणल्या तेव्हा इतकी ओरड झाली की थोड्याच दिवसांत त्या बंद करायची सोय द्यावी लागली. त्यातली एक अट मला न्याय्य वाटते. आपल्या टिका लपवल्या तर दुसऱ्याच्याही दिसत नाहीत. निदान एका ठिकाणी तरी यंत्राला देवाणघेवाण कळते. तरी वाचलं आणि उत्तर दिलं नाही, यातला अपमान मोजत बसण्यात मी उमेदीचे कित्येक तास घालवलेत. आणि ध्वनिसंदेश! एका मैत्रिणीचा सहा मिनिटांचा संदेश मी कामाच्या घाईत दीडपट वेगानं ऐकत होते. मध्येच ती हसतेय असं वाटलं. विषय तर हसण्यासारखा नव्हता. मागे जाऊन साध्या वेगानं लावलं तेव्हा कळलं, ती रडत होती. हुंदका दीडपट वेगानं ऐकला की हसण्यासारखा लागतो, हे मला त्या दिवशी कळलं. मग तो संदेश मी पूर्ण पहिल्यापासून, तिच्या वेगानं ऐकला.

समोर माणूस असताना फोनमध्ये बघण्याला इंग्रजीत 'फबिंग' म्हणतात. २०१२ साली ऑस्ट्रेलियात मॅक्वारी शब्दकोशाच्या मंडळींनी तो शब्द मुद्दाम घडवला. त्याच शब्दकोशानं त्याच वर्षी 'वर्षाचा शब्द' म्हणून निवडला तो मात्र दुसराच, खिशात फोन थरथरल्याचा भास होण्याला दिलेला. मला हे दोन शब्द एकाच वर्षाचे असणं फार बरोबर वाटतं. समोरचा माणूस बोलतोय ते ऐकू येत नाही, आणि जे वाजलंच नाही ते मांडीला जाणवतं. मराठीत यासाठी वेगळा शब्द नाही, पण 'पाठ फिरवणं' म्हणावं तर तेही नीट बसत नाही. पाठ फिरवणारा उठून जातो, त्याची खुर्ची रिकामी दिसते. इथे माणूस समोरच असतो, मान हलवतो, 'हं, हं' करतो, आणि खुर्ची रिकामी असते.

मध्ये आठेक महिने गेले. मामांच्या मुलानं त्यांना नवा फोन घेऊन दिला, मोठ्या अक्षरांचा. मी भेटायला गेले तेव्हा मुद्दाम फोन घरी ठेवून गेले. पराक्रम म्हणून सांगत नाही, रस्ताभर जीव खालीवर होत होता. वेळही पुन्हा तीच निवडली होती, दिवे लागायच्या आधीची. इकडचं तिकडचं झालं. मी विषयाकडे वळणार, तेवढ्यात मामांचा फोन वाजला. मामांनी मला तळहात दाखवला, थांब. आणि बोलायला लागले. स्पीकरवर. त्यांचे एक जुने सहकारी पलीकडून आपल्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची हकीकत सांगत होते, आणि ती साग्रसंगीत होती. मी पंचवीस मिनिटं दोन्ही बाजू ऐकल्या. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा दर वेळी नऊपाशी किंचित अडखळतो हे मला त्या दिवशी दिसलं. खिडकीतला उजेड निळा झाला, मग राखाडी. मामांनी एकदाही माझ्याकडे बघितलं नाही, आणि ते इतके खुशीत होते की मला तक्रार करावीशी वाटेना. फोन संपला. त्यांनी तो दोन्ही हातांनी, चष्मा ठेवतात तसा, जपून टेबलावर ठेवला. "हं," ते म्हणाले, "काय सांगत होतो मी?"

तुम्ही काही सांगत नव्हता, मी विचारणार होते, असं तोंडावर आलं होतं. पण मी म्हटलं, "आईचं सांगत होता. ती रात्री उठली होती, आणि तुम्ही बघितलं तर ती दाराशी—"

"दाराशी?" मामा म्हणाले. "ती कुठे दाराशी होती? दाराशी नुसत्या तिच्या चपला होत्या. ती तर—"

आणि माझ्या मांडीपाशी, पिशवीत, फोन थरथरला. हात आपसूक पिशवीवर गेला. मामांना ते दिसलं आणि ते थांबले.

"घे, घे," ते म्हणाले.

"नाही मामा, फोन आणलाच नाहीये," मी म्हटलं. "ती तर काय?"